गिधाडाचे मोल



आजच्या विषयासाठी आम्ही हत्ती किंवा मोर निवडला असता, तर आपली सहानुभूती आम्हांला आयतीच मिळाली असती. म्हणून मुद्दाम गिधाड निवडले. ज्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, त्या पक्ष्याविषयी माणसाचे काही कर्तव्य आहे की नाही, हे एकदा ठरले म्हणजे बाकीच्यांचे ठरविणे सोपे जाते.

१९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात उदंड होती. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थवा उतरे आणि पाहता पाहता हाडेच तेवढी उरत. पुढे १९९२ ते २००७ या काळात या जातीचे अंदाजे १००० मागे ९९९ पक्षी नाहीसे झाले. कारण जगापुढे आले ते २००४ साली. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक! औषध टोचल्यावर जनावर लवकरच मेले, तर मांसात त्याचा अंश राहतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काही दिवसांतच ते मरते.

येथे जरा थांबले पाहिजे. या कथेत खलपुरुष नाही. बैलाचा पाय सुजला, मालकाचा जीव कळवळला, त्याने सुई टोचविली. दयाच ती! पण ती दावणीपाशी संपणारी दया होती. पोळ्याला ज्याच्या मुखी पुरणपोळी घालतो त्याचे दुखणे आपल्याला दिसते. आभाळातले गिधाड कोणाच्याच गोठ्यातले नसते. हे सारे अजाणता घडले, असे २००६ पर्यंत म्हणता येईल. त्या साली गुरांसाठी हे औषध बनविण्यास बंदी झाली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हाताशी होते. तरी माणसांसाठी म्हणून निघालेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. त्या बंद करण्यास २०१५ साल उजाडले. ही नऊ वर्षे कोणत्या खात्यावर मांडायची?

कोणी विचारील, गिधाडे गेली तर आमचे काय बिघडले? त्याला अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिले आहे. कुजणारी ढोरे, नासलेले पाणी, वाढलेली भटकी कुत्री यांपायी २००० ते २००५ मध्ये देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. उत्तर भक्कम आहे. पण आम्हांला ते अपुरे वाटते. उद्या तालुक्यातालुक्यात ढोरे जाळण्याच्या भट्ट्या बसल्या, तर हा हिशेब मिटेल. मग गिधाडाला विष घालण्यास मोकळीक झाली काय? चाकर म्हणून ज्याची किंमत ठरली, त्याला बडतर्फही करता येते.

जटायूच्या लढण्याने सीता काही सुटली नाही. तरी रामाने त्याला पित्याला द्यावा तसा अग्नी दिला. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास करणारे जे केंद्र आहे, त्याला या जटायूचेच नाव आहे. तेथील काही गिधाडे २०२४ साली आपल्या विदर्भात, पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली. काम मोठ्या चिकाटीचे आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिलू वयात येण्यास सुमारे ५ वर्षे लागतात.