दोन रुपयांची हमी



बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आहे. १९२९ साली ते ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. बाळंतपणानंतर बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकेना, थर्मामीटरसुद्धा त्याने एका मुसलमान माणसाच्या हातून दिला. हे आपण भाषणांत सांगतो. पण डॉक्टर यावा म्हणून नगरशेठला त्याच्या दोन रुपये फीची हमी घ्यावी लागली होती, हे सांगायचं राहून जातं. ती बाई वाचली नाही.

विटाळ आणि पैसा तिथे एकाच दारात उभे होते. आज विटाळाचं सहसा कोणी तोंडाने बोलत नाही. ‘आधी डिपॉझिट भरा’ एवढंच म्हणतात.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला वाटतं, डिपॉझिट तुमची मिळकत मोजत नाही. रात्री दोन वाजता पैसे पाठवू शकतील असे नातलग तुम्हाला किती, ते मोजतं. कुणाचा मामा डॉक्टर असतो, काका बँकेत असतो. आपल्याकडे तो फोन तुम्हालाच येतो, कारण घरात शिकलेले तुम्ही एकटे. फेलोशिप रखडली आहे हे गावाला कुठून कळणार?

मग कायदा काय म्हणतो? जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं. पुढे हकीम शेख यांचं प्रकरण आलं. शेतमजुरांच्या संघटनेचा हा सभासद १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेला, आणि कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांत ‘खाट नाही’. शेवटी खासगीत सुमारे १७,००० रुपये गेले. संघटना कोर्टात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने कलम २१ वर बोट ठेवून २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. संघटना नसती तर हा निकालच नसता, हे ध्यानात घ्या.

२०१० च्या केंद्रीय कायद्यात तातडीच्या रुग्णाला स्थिर करण्याची अट आहे, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आगाऊ पैशांशिवाय तातडीच्या उपचाराचा हक्क कायद्यात घातला, तर खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले.

महाराष्ट्रात हाताशी आहे ती धर्मादाय रुग्णालयांची योजना, उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचं आणि या दोन्ही गटांकडून डिपॉझिट मागायचं नाही. म्हणून काउंटरवर हुज्जत घालण्याआधी रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारा, तिथल्या समाजसेवकाला बोलवायला सांगा. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो घरच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजच ठेवा.

तरीही नाही म्हणाले, तर सांगा: ‘डिपॉझिटशिवाय घेत नाही, एवढं लेटरहेडवर लिहून द्या.’