टाक्यांवर काय लावायचं?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्रण’ या शब्दाची एक व्युत्पत्ती दिली आहे. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेतो जात नाही, म्हणून तिला व्रण म्हणायचं, असा तिचा आशय. शस्त्रकर्मावर ग्रंथ रचणाऱ्यांनी ही कबुली थेट व्याख्येतच देऊन टाकावी, याचं मला कौतुक वाटतं. पुढे चिकित्सास्थानात व्रणावरचे साठ उपक्रम येतात. सुरुवातीचे सूज उतरवण्याचे, पू काढण्याचे, शिवण्याचे, जखम स्वच्छ करून भरून आणण्याचे. शेवटाकडचे काही मात्र अगदी वेगळे आहेत : उंच राहिलेला भाग खाली बसवणं, खोलगट वर आणणं, निबर कातडी मऊ करणं, पांढरी पडली तर तिला काळसर आणि काळी पडली तर उजळ करणं, गेलेले केस पुन्हा उगवणं. जखमेचं काम एक आणि जखम भरल्यावर उरणाऱ्या खुणेचं काम दुसरं, हे तिथे स्वच्छ दिसतं. मराठीनेही दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, जखम आणि वण. त्यातला दुसरा तर त्या ‘व्रणा’चाच झिजलेला अवतार. सिझेरियनच्या टाक्यांवर घरगुती लेप लावताना आपण हे दोन शब्द एकच समजतो आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो, असं माझं आजचं म्हणणं आहे.

हा प्रश्न आता घरोघरचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात दर शंभरातली पंचवीसहून थोडी अधिक बाळंतपणं सिझेरियनने झाली, गोव्यात चाळिसाच्या आसपास, आणि देशभरातल्या खासगी रुग्णालयांत तर ४७ टक्के. इतकी व्हावीत का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. पण बाळंतीण घरी आली की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सल्ले सुरू होतात. कुणी हळद-तूप सांगतं, कुणी मध, कुणी अंगणातल्या कोरफडीचा गर, कुणी खोबरेल, तर कुणी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल टाचणीने फोडून चोळायला सांगतं. अलीकडे कांद्याच्या अर्काचं जेलही दुकानात मिळतं.

यातलं कोणतं औषध नेमकं काय करतं हे पाहण्याआधी कातडी स्वतः काय करते ते पाहू. आजचा नेहमीचा छेद ओटीपोटावर आडवा, केसांच्या रेषेजवळ घेतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हर्मान फानेनस्टील यांनी १९०० साली तो वर्णन केला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. वरची कातडी साधारण आठवड्याभरात मिटते आणि घरच्यांना वाटतं, झालं, टाके सुकले. पण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्या सांध्याची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम वीस टक्के असते. पुढे महिनोन्‌महिने शरीर घाईघाईने घातलेले कोलॅजनचे धागे उसवतं आणि त्यांच्या जागी जाड, नीट लावलेले धागे विणतं. तरीही ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. या विणकामाच्या काळात वण आधी लाल आणि टणक होतो, काही काळ उंचावतोही, मग हळूहळू फिकट, मऊ आणि सपाट होत जातो. याला वर्ष लागतं, कधी दीड. आता कुणी तिसऱ्या महिन्यात, म्हणजे वण सर्वांत वाईट दिसत असताना, एखादा लेप सुरू केला आणि बाराव्या महिन्यात थांबवला, तर तो लेप गुणकारी ठरणारच. वाटीत हळदीऐवजी नुसतं पाणी असतं तरी ठरला असता. म्हणून ‘मी लावलं आणि डाग गेला’ ही साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी पुरेशी नाही. न लावता किती गेला असता, हे तीत येत नाही. ते कळायला एकाच वणाच्या अर्ध्या भागाला औषध आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतं मलम लावून पाहावं लागतं.

असं पाहिलं गेलंही आहे. अमेरिकेत मायामी इथे १९९९ साली त्वचेच्या शस्त्रक्रियेनंतर १५ रुग्णांच्या वणांवर ही अर्ध्या-अर्ध्याची तुलना झाली : एकीकडे साधं मलम, दुसरीकडे तेच मलम ई जीवनसत्त्व घालून. दर दहांतल्या नऊ रुग्णांत जीवनसत्त्वाच्या बाजूला काही फायदा नव्हता किंवा वण उलट वाईट दिसत होता, आणि एक तृतीयांश लोकांना तिथे खाजरं पुरळ उठलं. कांद्याच्या अर्काचं थोडं बरं आहे. थायलंडमध्ये सिझेरियनच्याच वणांवर झालेल्या, २०१२ साली छापून आलेल्या अभ्यासात उंचवटा आणि खाज-दुखणं काहीसं कमी झालेलं आढळलं. लाली आणि काळसरपणा यांत फरक नव्हता. त्याआधी २००६ सालच्या एका अमेरिकी तुलनेत मात्र हाच अर्क साध्या पेट्रोलियम मलमाच्या पुढे गेला नव्हता. स्त्रियांची तक्रार बहुधा रंगाचीच असते, हे लक्षात ठेवून जेलची किंमत बघावी.

कोरफडीची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. इराणमध्ये सिझेरियन झालेल्या ९० स्त्रियांवर प्रयोग झाला. कोरफडीचा गर लावलेल्यांची जखम चोवीस तासांनी अधिक चांगली दिसली. आठव्या दिवशी दोन्ही गट सारखेच. त्याच्या बऱ्याच आधी, १९९१ साली, लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी उलटी बाजू नोंदवली होती. ज्यांचे टाके उकलून जखम उघडी पडली होती अशा २१ स्त्रियांत नेहमीच्या पद्धतीने जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले, कोरफडीचं जेल वापरलेल्यांना ८३. अभ्यास लहान आहेत, त्यांवरून कोरफडीला फाशी द्यायची गरज नाही. पण एकच वनस्पती मिटलेल्या जखमेवर निरुपद्रवी आणि उघड्या जखमेवर त्रासदायक ठरू शकते, हे त्यातून दिसतं. कोरफड चांगली की वाईट, या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कशावर आणि कितव्या दिवशी, हे विचारायला हवं.

मधाबद्दलही तेच. ठिकठिकाणचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१५ सालच्या आढाव्यात मध काही जखमांवर खरोखर उपयोगी ठरला, विशेषतः वरवरच्या भाजण्यावर आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमेवर. मध पाणी शोषतो, आम्ल असतो, जंतूंना जगू देत नाही. पण भरलेल्या वणात मारायला जंतूच नसतात. तिथे मधाचा गुण बिनकामाचा. शिवाय जखमेसाठी वापरायचा मध निर्जंतुक केलेला असतो, फडताळातल्या बाटलीतला तसा नसतो. एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडात मध जाऊ नये, हेही बाळ पोटाशी घेऊन बसणाऱ्या आईने ध्यानात ठेवावं.

आणि हळद. हळदीवर बोट ठेवलं की सभागृहात चुळबुळ होते, कारण तिच्याशी अभिमान जोडलेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. मूळचे गोव्याच्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. त्या संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. तो विजय मोठा होता. पण जिंकलं काय, हे पाहावं. हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे, एवढं सिद्ध झालं. ते किती गुणकारी आहे, हा त्या खटल्याचा मुद्दाच नव्हता. आणि पेटंटही जखमेचं होतं, वणाचं नव्हे.

इथे परंपरेचा आक्षेप येतो : आपल्या आज्या-पणज्या वेड्या होत्या का? मुळीच नव्हत्या. पण त्यांच्या बटव्यात सिझेरियनच्या वणावरचं औषध असणं शक्य नव्हतं, कारण तो वणच नव्हता. सुश्रुतसंहितेत पोट फाडून मूल काढण्याचा उल्लेख आहे, तो आई गेलेली असताना. युरोपातही गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत १८८२ मध्ये माक्स झेंगर यांनी मांडली आणि त्यानंतर हळूहळू आई जगणं भरवशाचं झालं. आज्यांचं बाळंतशास्त्र घडलं ते नैसर्गिक बाळंतपणासाठी : तेल, शेक, शेपा-ओव्याची धुरी, पोटपट्टा. आपण ते उचलून शस्त्रक्रियेच्या जखमेवर ठेवतो आणि त्याला परंपरा म्हणतो. यात कधी धोकाही असतो. छेदाच्या वरची कातडी महिनोन्‌महिने बधिर राहू शकते, कारण बारीक नसा कापल्या किंवा ओढल्या जातात. त्या जागी शेगडीचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक जास्त झाला तर बाळंतिणीला कळतही नाही. फोड आल्यावर कळतं.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर मराठीनेच देऊन ठेवलं आहे. बिब्ब्याइतकं नैसर्गिक काय असतं? झाडाचं फळ. त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड उठतात आणि काळा डाग राहतो. म्हणून तर एखाद्याच्या कामात ‘बिब्बा घालणं’ हा वाक्प्रचार झाला. लसणाच्या ठेच्यानेही भाजतं. लिंबू नाजूक कातडीची आग करतं, आणि आपल्या वर्णात कोणतीही आग पुढे काळा डाग ठेवून जाते. डाग घालवायला लावलेल्या लेपानेच डाग गडद होतो, तो असा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. डॉक्टरांच्या महागड्या सिलिकॉनच्या पट्ट्या तरी कुठे इतक्या सिद्ध आहेत? खरं आहे. त्या तज्ज्ञांच्या शिफारशींत पहिल्या क्रमांकावर असल्या तरी त्यांच्यामागचे बरेच अभ्यास कच्चे आहेत. त्या चालतात त्या कुठल्या द्रव्यामुळे नाही, तर वण झाकला जाऊन त्यातली ओल टिकते म्हणून, असं मानलं जातं. मग स्वस्त पर्यायालाही जागा आहे. ऑस्ट्रेलियात सिझेरियन झालेल्या स्त्रियांवरच झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधी कागदी चिकटपट्टी बारा आठवडे वणावर लावून ठेवली होती. पट्टी लावलेल्यांत फुगलेले वण स्पष्टपणे कमी निघाले. त्या पट्टीत हळद नाही, कोरफड नाही. ती फक्त दोन बाजूंचा ताण स्वतःवर घेते. ताण पडला की कातडी जास्त धागे विणते आणि वण जाड होतो. परकराची किंवा सलवारची नाडी नेमकी त्या रेषेवर बसते, दिवसभर घासते, आणि ओटीपोटाच्या घडीत घाम साचतो. पहिले काही महिने नाडी वर बांधणं आणि ती घडी कोरडी ठेवणं हे कुठल्याही लेपाइतकंच महत्त्वाचं आहे, पण ते बाटलीत भरून विकता येत नाही.

या हिशेबात मालिश करणाऱ्या बाईची बाजू मला पटते. जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी आणि डॉक्टरांनी पाहिल्यावर, तिने दोन बोटं वणावर ठेवून कातडी आडवी, उभी, मग गोल अशी सावकाश सरकवावी. आतल्या थरांना चिकटलेला वण मोकळा होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. पुरावा अजून तोकडा आहे, पण नियम पाळले तर तोटा नाही. तेल खोबरेल असो की तिळाचं, त्याचं काम बोटं घसरू देणं आणि ओल धरणं. छेदाच्या रेषेबाहेर पसरत जाणारा, खाजणारा केलॉइड असेल तर मात्र चोळण्याने भागत नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं लागतं. आणि कातडीखाली चरबी, मग पोटाचं जाड आवरण, आणि त्याच्याही आत गर्भाशयावरचा दुसरा वण असतो. पुढच्या गरोदरपणाचा धोका त्या वणावर ठरतो. बाहेरची रेष पुसट झाली म्हणजे आतलं शिवणकाम पक्कं झालं, असं कुणी समजू नये.

क्वचित असं होतं, की गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी शस्त्रक्रियेच्या वेळी छेदात रुजतात आणि वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, वणात गाठ लागते. ती दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखते, सुजते, मग शांत होते. कितीही तेल जिरवलं तरी ती जात नाही. बहुधा काढूनच टाकावी लागते. ही गाठ डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते. त्यामुळे मालिशवालीने ‘बाई, इथं काहीतरी टणक लागतंय’ म्हटलं, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून गेल्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा आठवायच्या, आणि दुखण्याचे दिवस त्यांच्याशी जुळतात का ते पाहून डॉक्टरकडे जायचं.