मोटारीची धडक बसली तर



आपल्यापैकी पुष्कळांना कामासाठी शहरात जावे लागते. कोणी भाजी घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. कोणी गवंडीकामाला जातो. कोणी आजारी माणसाला ससूनच्या दवाखान्यात नेतो. गावच्या वाटेवर गाडी आली की आपण बाजूला होतो. गाडीवालाही ओळखीचा असतो, तो थांबतो. शहरात गाड्या चारी बाजूंनी येतात आणि कोणी कोणाला ओळखत नाही.

तेव्हा आधी चालण्याबद्दल दोन शब्द. फूटपाथ असेल तर त्यावरूनच चालावे. फूटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. पांढरे पट्टे असतील तिथेच रस्ता ओलांडावा. उभ्या एस.टी.च्या पुढून पळत जाऊ नये. मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसत नाही, आणि ती आपल्याला दिसत नाही.

एवढे सांभाळूनही अपघात होतो. आपली चूक नसतानाही होतो. आज आम्हांला मुख्यतः त्याबद्दल बोलायचे आहे.

अपघात झाला की लोक गोळा होतात, पण हात लावत नाहीत. का? तर, "नको बाबा, पोलिसांचं लचांड मागं लागंल." ही भीती आता धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. २०१९ साली मोटार कायद्यातही तसे कलम घातले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत. त्याला नाव-गाव सांगायचे नसेल तर त्याने सांगू नये. दवाखाना त्याच्याकडून पैसेही मागू शकत नाही. १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी ११२ नंबर आहे. दोन्ही फोन फुकट.

उपचाराच्या खर्चासाठी केंद्र सरकारने २०२५ साली एक योजना काढली आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार ठरलेल्या दवाखान्यांत रोख पैसे न भरता होतो. मात्र अपघाताची खबर पोलिसांत गेलेली असावी लागते. म्हणून खबर लपवू नये.

आता खरी गोष्ट पुढे आहे. समजा, आपल्या गावचा एक गवंडी पुण्याला कामाला गेला. वय पस्तीस. महिन्याला बारा हजार मिळवणारा. घरी बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. रस्त्याच्या कडेने चालला होता. ट्रकने ठोकरले आणि तो जागीच गेला.

दहावा होतो न होतो तोच ट्रकमालकाचा माणूस दारात येतो. म्हणतो, "वहिनी, झालं ते झालं. हे पन्नास हजार घ्या आणि या कागदावर अंगठा द्या. कोर्टात गेलात तर दहा वर्षं चकरा माराल." भावकीतलेही म्हणतात, "घेऊन टाक. गेलेला माणूस काय परत येतोय?" कोणी म्हणते, "ड्रायव्हर बी गरीबच हाय, त्याचं कशाला वाटोळं करायचं?"

ह्या शेवटच्या बोलण्यात दया आहे, पण माहिती नाही. प्रत्येक मोटारीचा विमा उतरवलाच पाहिजे, असा कायदा आहे. रस्त्यावरच्या परक्या माणसाला इजा झाली तर भरपाई देण्यासाठीच हा विमा असतो. तेव्हा विमा उतरवलेला असला म्हणजे भरपाई सहसा विमा कंपनीच्या तिजोरीतून येते, ड्रायव्हरच्या घरातून नव्हे.

भरपाई किती, ते कोर्ट कसे मोजते? सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली त्याची रीत घालून दिली आहे. आपण ह्या गवंड्याचा हिशेब करून पाहू. पाटी-पेन्सिल घ्या.

महिना १२,००० म्हणजे वर्षाचे १,४४,०००. माणूस चाळिशीच्या आतला होता, पुढे त्याची कमाई वाढली असती, म्हणून शंभराला चाळीस जास्त धरतात. झाले २,०१,६००. तो जगला असता तर स्वतःवरही खर्च केला असता. घरात चार माणसे त्याच्यावर अवलंबून, म्हणून चौथा हिस्सा वजा. राहिले १,५१,२००. पस्तीस वर्षांच्या माणसासाठी ह्या रकमेला १६ ने गुणतात. उत्तर येते २४,१९,२००.

चोवीस लाख एकोणीस हजार! आणि तो माणूस पन्नास हजार घेऊन आला होता. अंत्यविधीचा खर्च वगैरे आणखी वेगळा.

प्रत्येकाला एवढेच मिळेल असे आम्ही म्हणत नाही. वय वाढले की गुणायचा आकडा उतरतो. मेलेल्या माणसाचीही काही चूक ठरली तर तेवढी रक्कम कमी होते. कमाईचा पुरावा लागतो. मजुराजवळ पगाराचा कागद नसतो, हे कोर्टाला ठाऊक आहे. मुकादमाची साक्ष चालते, बँकेचे पासबुक चालते. काहीच नसले तर सरकारने ठरवलेली किमान मजुरी पाहून कोर्ट अंदाज करते. आणि घरी राबणारी बाई अपघातात गेली तर? "ती काय कमवत होती?" असे विचारणारे लोक असतात. सर्वोच्च न्यायालय तसे म्हणत नाही. घरकामाचेही मोल धरून भरपाई देतात.

जखमी माणसालाही दावा करता येतो. दवाखान्याची बिले, बुडालेली मजुरी आणि कायमचे अपंगत्व आले असेल तर त्याचा सरकारी दाखला, यावर रक्कम ठरते. औषधाची एवढीशी चिठ्ठीसुद्धा चुलीत घालू नये.

म्हणून घरात एक पिशवी करा आणि सगळे कागद त्यात ठेवा. पोलिसांतल्या फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. पंचनाम्याची नक्कल घ्या. पोस्टमार्टेमचा कागद घ्या. वयासाठी शाळेचा दाखला शोधून ठेवा. गाडीचा नंबर आणि विम्याचा तपशील पोलिसांकडून लिहून घ्या. आता तुम्हांला लिहिता-वाचता येते. कोणी कागद पुढे केला तर आधी तो सबंध वाचा. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही.

दावा मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात लावायचा. हे काम जिल्हा कोर्टात चालते. अपघात पुण्यात झाला म्हणून पुण्यालाच खेटे घालायला हवेत असे नाही. आपण राहतो त्या भागातल्या कोर्टातही दावा लावता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि प्रवासखर्चाला भिऊन ते दावाच सोडून देतात. अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा, असे कायद्यात लिहिले आहे. दुःख ताजे असते, दिवस कसे जातात कळत नाही. उशीर झाला असेल तरी घरी बसू नका, वकिलाला विचारा.

वकील कुठला आणायचा? दवाखान्याच्या दारात काही माणसे भेटतात. म्हणतात, "आत्ता काही देऊ नका. पैसे मिळाले की निम्मे आमचे." यांच्यापासून दूर राहा. भरपाईत वाटा ठरवून घेणे वकिलाला नियमानेच मना आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. ती वकील फुकट देते. सगळ्या बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना हा हक्क आहे. गवंड्याच्या बायकोला उत्पन्नाचा दाखलाही लागणार नाही. १५१०० ह्या नंबरावर फोन करून चौकशी करता येते.

कधी कधी प्रकरण लोकअदालतीत मिटवतात. ते चांगले, वेळ वाचतो. पण तिथे ठरले की त्यावर अपील नाही. म्हणून आकडा किती, तो आपल्या वरच्या हिशेबाशी कितपत जुळतो, हे आधी वकिलाकडून समजून घ्या. मिळालेली रक्कम बँकेत जमा होते. लहान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत कोर्ट बहुधा ठेवीत ठेवायला लावते. मग चुलत्याने मागितला तरी तो काढता येत नाही. आम्हांला हा नियम फार आवडतो.

राहिली एक गोष्ट. गाडी ठोकर देऊन पळून गेली आणि नंबर कोणी पाहिलाच नाही, तर? तरीही रिकाम्या हाताने परतायचे नाही. अशा अपघातात मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख रुपये, आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून हा दर आहे. त्याआधी तो पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होता. त्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. जिथे अपघात झाला त्या भागाच्या प्रांतांकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा. सोबत पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद आणि बँकेच्या पासबुकाची नक्कल जोडायची. अर्ज दिल्याची पोच घ्यायची आणि तीही त्याच पिशवीत ठेवायची.