गुरुवारची तालीम : रिॲनन गिडन्स आणि कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या मंगल प्रसंगी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताचा विषय काहीसा आडवाटेचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जे कागदावर उतरले ते ग्रंथालय सांभाळते. जे कागदावर उतरलेच नाही, अथवा विपरीत उतरले, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न ग्रंथप्रेमी माणसालाही टाळता येण्याजोगा नाही. रिॲनन गिडन्स या गायिकेचे आजवरचे कार्य याच प्रश्नाभोवती उभे आहे.

गिडन्स यांचा जन्म १९७७ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. ओहायोतील ओबर्लिन संगीत महाविद्यालयात त्यांनी ऑपेरा गायनाचे शिक्षण पूर्ण केले. पुढे लोकनृत्याच्या मेळाव्यांतून त्यांना बँजोची गोडी लागली. त्यांच्या पिढीतील बहुतेकांप्रमाणे त्यांचीही समजूत होती की, हे वाद्य डोंगराळ भागातील गोऱ्या शेतकऱ्यांचे. इतिहास पाहू लागल्यावर ध्यानात आले की, वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. भोपळ्यावर कातडे ताणून त्याला दांडी बसवायची आणि तारा चढवायच्या, ही रचना गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आठवणीतून नव्या भूमीवर पुन्हा उभी केली. कॅरिबियन बेटांवर सतराव्या शतकातच या वाद्याची नोंद सापडते. त्याची एक आखूड तार अंगठ्याने छेडतात. सतारीची चिकारी ज्याप्रमाणे मध्येमध्ये वरचा स्वर देऊन लय भरते, काहीसे तसेच तिचे काम असते. गिडन्स वाजवतात तो बँजो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील बनावटीचा आहे. त्याला पडदे नाहीत. त्यामुळे स्वर घसरत जातो, आणि नाद खोल, मानवी कंठाच्या जवळचा येतो.

हा वारसा हरवला कसा? १८४० च्या दशकापासून गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करणारे खेळ रंगभूमीवर करू लागले आणि बँजो हे त्या खेळांचे मुख्य वाद्य ठरले. ज्यांचे वाद्य होते त्यांच्याच नशिबी ते अपमानाची खूण होऊन आले. पुढे १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांनी बाजाराच्या सोयीसाठी संगीताचेच दोन कप्पे केले : ब्लूज कृष्णवर्णीयांसाठी, फिडल आणि बँजो ग्रामीण गोऱ्यांसाठी. प्रत्यक्षात दक्षिणेकडील खेड्यांत दोन्ही वर्णांचे वादक त्याच चाली वाजवीत, एकमेकांकडून उचलीत. परंतु तबकडीवर जे आले नाही ते जणू घडलेच नाही, असा पुढील काळाचा ग्रह झाला. नोंदीचे सामर्थ्य एवढे मोठे, आणि तिची जबाबदारीही तेवढीच मोठी.

एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा भरला. तेथे गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तीन तरुण कलावंत एकत्र आले आणि त्यांना जो थॉम्प्सन हे वृद्ध फिडलवादक लाभले. थॉम्प्सन यांचा जन्म १९१८ चा. वडिलांचा हात पाहून ते लहानपणीच फिडल शिकले आणि मेबेन गावी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी करून त्यांनी संसार केला. त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजोवर त्यांची साथ करीत. ते १९९४ साली गेले आणि फिडल एकाकी पडले. कृष्णवर्णीयांच्या घरगुती नाचगाण्यांची ही परंपरा अंगी मुरलेले वादक तोवर बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून हे तिघे दर गुरुवारी रात्री मेबेनला थॉम्प्सन यांच्या घरी जाऊन बसू लागले. तेथे स्वरलिपी नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हते. म्हाताऱ्याने चाल धरायची आणि बाकीच्यांनी तिच्यात शिरायचे, हीच तालीम. आपल्याकडे ज्याला गुरुमुखी विद्या म्हणतात तिचे मर्म जाणणाऱ्यांस यात नवल वाटणार नाही. चालीचे सूर कागदावर लिहिता येतात. नाचणाऱ्याचे पाऊल नेमके कोठे पडावे, हे सांगणारा गजाचा झोक लिहिता येत नाही. तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो.

याच तालमीतून ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा संच उभा राहिला. त्यांच्या २०१० च्या ध्वनिमुद्रिकेस पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. विशेष असे की, तीत जुन्या नृत्यचालींच्या शेजारी २००१ सालचे एक लोकप्रिय गीतही फिडल-बँजोवर बांधलेले आहे. परंपरा काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू आहे, असे या मंडळींनी कधीच मानले नाही. थॉम्प्सन यांना २००७ साली लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान लाभला. २०१२ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले, पण त्यांच्या चाली त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत.

गिडन्स यांच्या कार्याची दुसरी बाजू ग्रंथालयाच्या अधिक जवळची आहे. एका तरुण गुलाम स्त्रीच्या विक्रीची जुनी जाहिरात त्यांच्या वाचनात आली. तिच्यासोबत नऊ महिन्यांचे मूल आहे, ते घ्यायचे की नाही हे खरेदीदाराने ठरवावे, असे तीत व्यवहारी भाषेत नमूद होते. त्या कोरड्या मजकुरातून गिडन्स यांनी त्या मातेचे गाणे रचले; २०१७ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ते आहे. सेनेगल प्रदेशातून धरून आणलेला आणि १८०७ साली चार्ल्सटन बंदरात उतरवलेला उमर इब्न सैद हा विद्वान मुसलमान गुलाम. १८३१ साली त्याने अरबीत आत्मवृत्त लिहिले. ते हस्तलिखित २०१७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आले. त्याच्या जीवनावर गिडन्स यांनी मायकेल एबल्स यांच्यासह ‘ओमार’ हा ऑपेरा रचला. २०२२ साली चार्ल्सटनमध्येच त्याचा पहिला प्रयोग झाला आणि २०२३ साली त्यास संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ज्या बंदरात त्या माणसाचा बाजार मांडला गेला, त्याच शहरात त्याचे शब्द गायले गेले.

२०२५ साली गिडन्स आणि रॉबिन्सन यांची फिडल-बँजोची एक ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातील मुद्रण उघड्यावर झाले : थॉम्प्सन यांच्या घरी, तसेच जुन्या ब्लूजच्या नामवंत गिटारवादक एटा बेकर यांच्या घरी. वाद्यांमागे रातकिड्यांसारख्या कीटकांची किरकिर ऐकू येते. ती मुद्दाम राहू दिली आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांतही जात्यावरच्या ओव्या, मंगळागौरीची गाणी, आरत्यांच्या चाली आहेत. त्यांतील शब्द कदाचित एखाद्या पुस्तकात मिळतील; चाल मात्र ज्या आजीच्या कंठात आहे तेथेच आहे. दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या ग्रंथालयाने कपाटांबरोबर अशा कंठांचीही नोंद ठेवावी, आणि तरुणांनी आठवड्यातली एक संध्याकाळ त्या आजीच्या शेजारी जाऊन बसावे. थॉम्प्सन तेव्हा ८६ वर्षांचे होते. ते तिघे दहा वर्षे उशिरा गेले असते, तर त्यांना ते घर रिकामे मिळाले असते.