दऱ्या आणि दर्या



"तू कॉम्प्युटरवर नक्की करतेस तरी काय?" असं सकाळपासून चौघींनी विचारलं. (उचगावात 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न पगाराचा, तो मी टाळते.) नवी वेबसाइट मी क्वचितच बनवते. दहा-बारा वर्षं चाललेली, अनेकांचे हात लागलेली वेब ॲप्लिकेशन्स सांभाळते. त्यात काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणं हेच काम. उदाहरण मराठीचंच देते, म्हणजे बाईंनाही आवडेल.

डोंगरातल्या त्या दऱ्या, समुद्र तो दर्या. यातला 'ऱ्या' कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याचा पाय मोडून पुढे य जोडायचा. किंवा साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशनसुद्धा त्यांना एक करत नाही. आपण हायवेनं पुण्याकडं निघालो की लागतं ते कऱ्हाड एकानं एका प्रकारे भरलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या प्रकारे शोधलं, तर यादीत कऱ्हाडच सापडत नाही.

आमच्या एका जुन्या कोडमध्ये, शोधण्याआधी एका प्रकाराचा दुसरा करणारी एक विचित्र ओळ होती. शेजारी खुलासा नाही, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. टीममधल्या एका हुशार मुलानं सुचवलं, "ही ओळ काढू, डेटातली सगळी न दिसणारी चिन्हंच पुसून टाकू." ऐकायला अगदी बरोबर. पण ते चिन्ह पुसलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि गोऱ्हे आडनावाचं 'गोर्हे'. नावात एक अक्षर चुकलं की दाखल्यासाठी किती खेपा होतात, हे इथं कुणाला सांगायला नको.

मी त्याला नाही म्हटलं नाही. खऱ्या नावांची यादी घे आणि ओळ काढून दोन्ही प्रकारांनी शोधून दाखव, एवढंच म्हटलं. संध्याकाळी तोच आला, "मॅडम, ही ओळ राहू द्या."

शेवटी माणसानं भरलेलं नाव आम्ही जसंच्या तसं ठेवलं. शोधण्यासाठी वेगळा रकाना केला, त्यात दोन्ही प्रकार एका रूपात आणले. त्या ओळीवर खुलासा लिहिला आणि कऱ्हाड, गोऱ्हे, दऱ्या हे शब्द घालून चाचणी जोडली. जुनं म्हणून सगळंच जपतो असं मात्र नाही. त्याच कोडमधला एक भलामोठा रिपोर्ट आम्ही काढून टाकला. वापराच्या नोंदी पाहिल्या, तर वर्षभरात तो कुणी उघडलेलाच नव्हता. त्याची आजवर कुणाला आठवणही झालेली नाही.