पुरलेल्या विषावरचा पहारा

नायगारा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तो प्रचंड धबधबा येतो. अमेरिकेला जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाच्या अल्बममध्ये त्याचा फोटो असतो. पण त्याच नायगारा फॉल्स शहरात अशी एक जागा आहे, जिथे फोटो काढायला कुणी थांबत नाही. तारेचे कुंपण आणि आत हिरवेगार गवत. मैदान एवढे मोठे, पण तिथे एकही मूल खेळत नाही. या जागेचे नाव लव्ह कॅनाल.

नावातला ‘लव्ह’ म्हणजे प्रेम नव्हे, ते आडनाव आहे. विल्यम लव्ह या गृहस्थाने १८९० च्या दशकात इथे कालवा खणायला घेतला. पैसा संपला, काम अर्धवट राहिले आणि मागे एक लांबलचक चर उरला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने त्या चरात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि ती जमीन शहराच्या शिक्षण मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. इथे रसायने पुरली आहेत आणि पुढे काही अपाय झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असे खरेदीखतात लिहिलेले होते. तरीही तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरे उठली. इशारा कागदावरच राहिला. घर घेणाऱ्या माणसाच्या हातात तो कागद कधी पडलाच नाही.

खालची जमीन चिकणमातीची. म्हणून तर विष तिथेच राहील असे वाटले होते. पण बांधकामांमुळे वरचे मातीचे झाकण जागोजागी फुटले. पावसाचे, वितळलेल्या बर्फाचे पाणी आत शिरू लागले आणि खाली मुरायला वाट नसल्याने चर न्हाणीघरातल्या टबासारखा भरत गेला. शेवटी तो काठावरून वाहिला आणि आतले विष लोकांच्या तळघरांत, अंगणांत पोहोचले. त्यात बेंझिन होते, डायॉक्सिनही होते.

लोइस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्याच शाळेत होता. तो सारखा आजारी पडू लागला, तेव्हा ती दारोदार फिरली आणि तिने शेजाऱ्यांना एकत्र आणले. ऑगस्ट १९७८ मध्ये आधी राज्याने आणि पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. १९८० मध्ये दुसऱ्यांदा ती वेळ आली. एकूण सुमारे ९०० कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘सुपरफंड’ कायदा झाला. विषारी जागा शोधायच्या, साफ करायच्या आणि खर्च शक्यतो ज्याने घाण केली त्याच्याकडून वसूल करायचा, हे त्याचे सूत्र. हूकर कंपनी पुढे ज्या ऑक्सिडेंटलकडे गेली, तिने १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

आता तुम्ही विचाराल, मग ते विष काढून कुठे नेले? ते नेलेच नाही! ते आजही तिथेच आहे. गंजलेली, फुटलेली पिंपे उकरून काढणे म्हणजे नवा धोका, आणि नेऊन ठेवायचे तरी कुणाच्या दारात? म्हणून सुमारे ४० एकरांवर चिकणमातीचे आणि प्लास्टिकच्या जाड पत्र्याचे झाकण घातले. बाजूने चर खणून त्यात नळ टाकले. झिरपणारे पाणी त्यांत जमते, पंपाने जागेवरच्याच शुद्धीकरण केंद्रात जाते, तिथे कोळशाच्या गाळणीतून निघते आणि मग शहराच्या सांडपाणी केंद्राकडे सोडले जाते. सभोवती विहिरी आहेत. त्या पाणी पिण्यासाठी नव्हेत, पाण्याचे नमुने घेण्यासाठी आहेत.

२००४ मध्ये ही जागा सुपरफंडच्या यादीतून वगळण्यात आली. पण पंप बंद झाले नाहीत. दर पाच वर्षांनी तपासणी होतेच. आणि ती व्हायलाच हवी. २०११ मध्ये जवळच्या गटाराच्या दुरुस्तीत रसायने आढळली आणि पुढे रहिवासी कोर्टात गेले. झाकण शाबूत आहे, असे सरकारी यंत्रणा म्हणतात. पण एकदा पोळलेल्या माणसाचा विश्वास नुसत्या अहवालाने परत येत नाही.

आपल्याकडे मुंबईतल्या गोराईची कचराभूमी २००७ मध्ये बंद झाली. डोंगराला उतार दिला, झाकण घातले, आतला मिथेन वायू बाहेर काढण्याची सोय केली. तो शहराचा घरगुती कचरा, लव्ह कॅनालसारखा रासायनिक नव्हे. पण तत्त्व तेच. कचराभूमी ‘बंद झाली’ ही बातमी अर्धीच असते. उरलेली अर्धी बातमी आपणच विचारून घ्यायची. झिरपणारे पाणी कोण तपासते? किती दिवसांनी? निष्कर्ष आपल्याला वाचायला मिळतात का? वीस वर्षांनी या पहाऱ्याचा खर्च कोण करणार? आणि जागेचा इतिहास सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर अशा ठिकाणी नोंदला आहे का, की जिथे तो घर घेणाऱ्याच्या नजरेस पडेलच?

पंप बिघडला तर दुरुस्त होतो. माणसे विसरली की मात्र त्याच जागी पुन्हा शाळा उभी राहते.