विंध्य खडकातील वायू : मोजमापाचा आणि मालकीचा प्रश्न



मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्याच्या भूगर्भात नैसर्गिक वायू आहे, ही गोष्ट आता तर्कापुरती राहिलेली नाही. ओएनजीसीने हट्टा येथे खोदलेल्या विहिरीतून तो बाहेर आला आहे. ज्या रोहतास चुनखडकातून तो आला, त्याचे वय सुमारे १६० कोटी वर्षे आहे. तो साचला तेव्हा पृथ्वीवर मासे नव्हते, झाडे नव्हती. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांचे थर तेवढे वाढत होते.

परंतु वायू सापडणे वेगळे आणि वायूक्षेत्र सापडणे वेगळे. इतक्या जुन्या चुनखडकाची परीक्षा करताना चार प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. इंधन निर्माण करणारे जैव द्रव्य जवळच्या थरांत पुरेसे होते काय? साठवण्यास खडकात जागा आहे काय? वर अभेद्य आच्छादन आहे काय? आणि कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीत ते आच्छादन अखंड राहिले काय? दीर्घकाळच्या उष्णतेने अशा खडकांतील तेलाचे बहुधा वायूत रूपांतर झालेले असते, आणि वायू निसटून जाण्यास लहानशी फटही पुरते. शिवाय जुन्या चुनखडकाची मूळ छिद्रे बुजलेली असतात. भेगा, पाण्याने कोरलेल्या पोकळ्या आणि चुनखडकाचा डोलोमाइट होताना निर्माण झालेली छिद्रे यांवरच सारी भिस्त असते. ही जागा पुष्कळदा खडकाच्या दोनचार टक्केच भरते. भेगांतला वायू प्रथम जोराने येतो आणि मग ओसरतो. पहिल्या दिवसाचा आकडा मथळ्याला पुरतो. साठा मात्र महिनोन्‌महिने दाब मोजल्यावाचून कळत नाही.

चीनच्या सिचुआन खोऱ्याचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे १९६४ साली वेइयुआन येथे सुमारे ५५ कोटी वर्षांच्या डोलोमाइटमध्ये वायू सापडला. त्यानंतर दशकानुदशके त्या खडकात तोलामोलाचे दुसरे क्षेत्र हाती लागले नाही. पण शोध सोडला गेला नाही. प्राचीन उंचवटा कोठे होता, त्यावरचा खडक पाण्याने कोठे कोरला गेला, याचा नव्याने विचार झाला. २०११ साली गाओशी-१ विहिरीतून दिवसाला दहा लाख घनमीटरांहून अधिक वायू वाहिला. शेजारच्या कॅम्ब्रियन थरांत २०१३ साली सुमारे ४४,००० कोटी घनमीटरांचा साठा सिद्ध झाला. यावरून विंध्यातही तसेच घडेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. विंध्याचा खडक जवळजवळ तिप्पट जुना आहे. मात्र एकदोन विहिरींवरून निकाल देऊ नये, एवढा बोध निश्चित घेता येतो.

मग या धीराची किंमत कोणी मोजावी? तिमाही नफ्यावर नजर असलेले भांडवल सत्तेचाळीस वर्षे वाट पाहत नाही. मुंबई हायचा चुनखडक वयाने कोवळा. पण १९७४ साली तेथे तेल सापडले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले, ते सार्वजनिक क्षेत्राच्या साहसामुळे. पुढे काय झाले, तेही विसरता येणार नाही. ओएनजीसीने शोधलेल्या पन्ना-मुक्ता क्षेत्रांत १९९४ च्या कराराने एन्रॉन आणि रिलायन्स यांना प्रत्येकी तीस टक्के वाटा मिळाला. ती क्षेत्रे ओएनजीसीकडे परतली २०१९ साली. शोधाची जोखीम जनतेची आणि तयार पिकात वाटा दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता.

विंध्यात त्याची पुनरावृत्ती टाळायची असेल, तर आतापासूनच तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. विहिरींच्या दीर्घ चाचण्यांचे आकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, लोकांसमोर यावेत. खडकाला भेगा पाडण्यासाठी पाणी लागणार असेल, तर बुंदेलखंडातील दुष्काळी गावांना त्याचा हिशेब आधी मिळावा आणि त्यांचा शब्द निर्णायक ठरावा. आणि सार्वजनिक पैशाने सिद्ध झालेला साठा सार्वजनिकच राहावा.

खडकाने १६० कोटी वर्षे जे जपले, त्याची मोजदाद घाईने करू नये आणि विल्हेवाट गुपचूप लावू नये. दमोहच्या शेतकऱ्याला आपल्या शिवाराखाली काय आहे हे कंपन्यांच्या आधी कळले, तरच या शोधाला लोकांचा शोध म्हणता येईल.